जबड्याच्या सांध्याला लेझर, लाल लाइट वगैरे: पेशंट नेहमी विचारतात ते सगळे प्रश्न

मी डेंटिस्ट, सांगली भागात प्रॅक्टिस करते. काही वर्षांपूर्वी क्लिनिकला दुखण्यावरच्या लेझरचं छोटं मशीन घेतलं, तेव्हापासून आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले, की मॅडम जबडा दुखतोय, लेझरने जातं म्हणे, किती सिटिंग लागतील आणि किती पैसे. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मशीनचे हप्ते फिटलेत, त्यामुळे कुणाच्या गळ्यात सिटिंग मारायची मला घाई नाही, तेवढं डोक्यात ठेवून वाचा.

जबड्याचा सांधा म्हणजे नक्की कुठला? मला तर कान दुखतो.

कानाच्या भोकाच्या बरोबर पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडमीट करा. बोटाखाली जे गोल गोल सरकतं ना, ते खालच्या जबड्याचं डोकं. ते कवटीच्या एका खाचेत बसलेलं असतं आणि मध्ये कूर्चेची छोटी चकती असते, गादीसारखी. बाकीचे सांधे बहुतेक एकाच तऱ्हेने हलतात, हा मात्र आधी दाराच्या बिजागरीसारखा फिरतो आणि मग ड्रॉवरसारखा पुढे सरकतो, शिवाय डावा आणि उजवा एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे एक बिघडला की दुसऱ्याला त्याची मजुरी करावी लागते. कानाला इतका चिकटून आहे की निम्मे पेशंट आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ड्रॉप्स घालून मगच आमच्याकडे येतात.

आम्ही याला टीएमजे म्हणतो, त्याच्या दुखण्यांना टीएमडी. संस्कृतात जबड्याला हनु, म्हणून हनुवटी, आणि मारुतीरायाचं हनुमान हे नावही त्याच्यावरूनच, जबड्यावर वज्राचा फटका बसलेला पहिला प्रसिद्ध पेशंट तोच म्हणायचा.

पण दुखतंय ते सांध्याचंच कशावरून?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. बहुतेकांचं दुखणं सांध्याचं नसतंच, स्नायूंचं असतं. गालावर हात ठेवून दात आवळा, जो गोळा टणक होतो तो चावण्याचा मुख्य स्नायू, आणि कानशिलावर जो हलतो तो दुसरा. रात्री झोपेत दात खाणारे, दिवसभर कीबोर्डवर बसून नकळत दात आवळून ठेवणारे, परीक्षेच्या महिन्यातली पोरं, यांचे हे दोन स्नायू सकाळी दगडासारखे असतात आणि दाबलं की पेशंट "हां हां तिथंच" म्हणून ओरडतो. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, आणि विशी ते चाळिशीतल्या जास्त.

मग काहींची चकती जागेवरून सरकलेली असते, काहींची झीज असते, संधिवाताच्या पेशंटला या सांध्यातही वात येतो. आणि काहींचा जबडा बिचारा निर्दोष असतो. माझीच चूक सांगते. एक काकू आल्या, डावीकडे कानापुढे ठणका, तोंड उघडताना जास्त, मी तपासलं, सांधा दाबल्यावर दुखत होता, मला वाटलं झालं निदान, आणि लेझरच्या सिटिंग सुरू केल्या. चार झाल्या. दर वेळी "थोडं बरं वाटतंय" म्हणायच्या, मलाही बरं वाटायचं. पाचव्या वेळी सहज म्हणाल्या की सुपारी फोडताना कळ येते. फोडताना? अडकित्ता हरवलाय म्हणून दाताने फोडत होत्या! कापसाची गुंडाळी एकेका दाढेखाली ठेवून चावायला लावलं, तिसऱ्या दाढेला जी कळ गेली की खुर्चीतून उठल्याच. दाढेला उभी चीर होती. त्या बाजूने चावायचं टाळून टाळून स्नायू आखडले होते, तेच मी शेकत बसले होते. त्या चार सिटिंगचे पैसे परत दिले आणि तेव्हापासून कापसाची गुंडाळी चावल्याशिवाय माझ्याकडे कुणाला लेझर मिळत नाही.

अजून काही गोष्टींकडे लक्ष द्या. जिना चढताना किंवा चालताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, सोबत घाम, छातीत जडपणा, डाव्या हाताला मुंग्या, तर डेंटिस्टकडे येऊ नका, सरळ ईसीजी काढायला जा, हार्टचं दुखणं जबड्यात येतं. क्षणभर करंट लागल्यासारखी कळ, तोंड धुताना किंवा वारा लागला तरी, ती बहुतेक नसेची असते. पन्नाशीच्या पुढे नवीनच डोकेदुखी, कानशिलाची शीर दुखरी, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक, हे क्वचित असतं पण डोळा जाऊ शकतो, त्याच दिवशी फिजिशियन गाठा. ताप आणि सूज असेल, अक्कलदाढेत पू असेल, हनुवटीवर पडून मार लागला असेल, तर आधी एक्सरे, लेझर नाही.

माझं तोंडच दोन बोटं उघडतंय, लेझरने उघडेल ना?

स्वतःची तीन बोटं, मधली तीन, उभी करून दातांमध्ये घाला. गेली तर ठीक. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० उघडतं, ३५ च्या खाली आलं की आम्ही कमी धरतो.

आता खरं बोला, मावा खाता का? आमच्याकडे मावा, विदर्भात खर्रा, कुठे नुसती ओली सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे कुठे मिळतो हे मला पेशंटच सांगतात. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर चिवट आणि पांढरट होत जातं, आतून गाल चाचपला की दोऱ्यासारखे पट्टे लागतात, तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जातं. हा सबम्युकस फायब्रोसिस. यात सांध्याचा काही दोष नसतो, कानापुढे लेझर मारून काडीचा उपयोग नाही, आणि हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. महिन्याला एखादा तरी तरुण मुलगा "सांधा लॉक झालाय" म्हणून येतो आणि गालात हे निघतं. त्याला मी लेझर देत नाही, थोडा दम देते आणि ओरल सर्जनकडे पाठवते.

सुपारीशी संबंध नाही, आधी जबडा कटकट वाजायचा, एके दिवशी आवाज बंद झाला आणि तोंड उघडायचंही बंद झालं, असं असेल तर ती चकती अडकली आहे. अशा वेळी लवकर दाखवा, महिने घालवू नका. आणि जांभई दिली आणि तोंड मिटतच नाही, हे उलटं, म्हणजे सांधा निखळलाय, कॅज्युअल्टीत जा, बसवून देतात.

हे लेझर म्हणजे कापायचं लेझर का?

नाही. कापायचं लेझर वेगळं, त्याची ताकद वेगळी. हे कमी ताकदीचं, त्वचेला ऊबही जेमतेम लागते. याचं हल्लीचं शास्त्रीय नाव फोटोबायोमॉड्युलेशन, तोंड दुखायला लावणारं नाव आहे, म्हणून आम्ही सॉफ्ट लेझर किंवा कोल्ड लेझर म्हणतो. यात दोन रंग येतात. एक लाल, साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटरचा, जो दिसतो, आणि दुसरा त्याच्या पुढचा ७८० ते ९८० च्या आसपासचा, जो डोळ्याला दिसत नाही पण जास्त खोल जातो. जबड्याला बहुतेक दुसराच वापरतात. त्यामुळे पेशंट म्हणतात, "मॅडम, काहीच लागलं नाही, चालू आहे ना?" चालू असतं.

मग घरात शेकायचा लाल बल्ब आहे त्यात काय वेगळं?

तो बल्ब उष्णता देतो. दुखणाऱ्या स्नायूला ऊब चांगलीच, नाही म्हणत नाही, पण ती ऊबच आहे, तव्यावर कपडा गरम करून किंवा मिठाची पुरचुंडी करून जे होतं तेच थोडं ऐटीत. लेझर आणि एलईडीवाल्या लाइट थेरपीत ठरलेल्या रंगाचा प्रकाश मोजून दिला जातो आणि तापवणं हा त्याचा उद्देश नसतो. लेझर आणि एलईडीत फरक असा, की लेझरचा किरण एकाच रंगाचा आणि एका ठिपक्यावर गोळा झालेला, एलईडीचा थोडा पसरट. लेझरच भारी असं ठामपणे म्हणण्यासारखं काही नाही, डोस बरोबर गेला का हे जास्त महत्त्वाचं.

आत जाऊन ते करतं काय?

पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, दहावीच्या पुस्तकात पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून घोकलेलं आठवत असेल. त्यातलं एक एन्झाइम, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज, हा लाल आणि त्यापुढचा प्रकाश शोषतं, त्याने पेशीची ऊर्जा तयार करायची गती वाढते, सूज आणणारी रसायनं कमी होतात, आणि डोस थोडा जास्त असेल तर दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसा काही काळ मंदावतात. ही आजची सगळ्यात मान्य समजूत आहे, प्रयोगशाळेत यातलं बरंच दिसलेलं आहे. पण प्रयोगशाळेतल्या ताटलीतल्या पेशीला आणि कर्जाचं टेन्शन घेऊन दात आवळणाऱ्या माणसाला एकच औषध सारखंच लागेल असं नाही.

एक गोम आहे. डोस कमी पडला तर काही होत नाही आणि फार झाला तर असलेला फायदाही जातो. जेवणातल्या मिठासारखं. म्हणून मशीन कुठलं यापेक्षा चालवणाऱ्याला गणित येतं का हे बघा. गणित सोपंय: १०० मिलिवॅटचा प्रोब, म्हणजे मशीनची त्वचेला टेकवायची दांडी, एका जागी ४० सेकंद धरला की ४ ज्यूल गेले, ज्यूल म्हणजे आत गेलेल्या ऊर्जेचं माप. "माझ्या सांध्यावर किती ज्यूल देताय" असं विचारून बघा, समोरचा गोंधळला तर चहा पिऊन घरी या.

सिटिंगमध्ये नक्की काय करतात? दुखतं का?

दुखत नाही, सुई नाही, भूल नाही. खुर्चीत बसवतात, तुम्हाला गॉगल, डॉक्टरला गॉगल, सोबत आलेल्यालाही गॉगल. या गॉगलला हसू नका, तो साधा काळा चष्मा नसतो, त्या त्या रंगाच्या किरणासाठीच बनवलेला असतो, न दिसणारा किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटत नाही कारण डोळ्याला तो आला हे कळतच नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. गॉगल न देता लेझर मारणाऱ्याकडून उठून यायचं, लाजायचं नाही.

मग तोंड थोडं उघडायला सांगतात म्हणजे हाडाचं डोकं पुढे येतं आणि सांध्यात जागा होते. पेनासारखा प्रोब कानापुढे टेकवून हलका दाबून धरायचा, बीप वाजलं की दुसरा पॉइंट, मग गालाच्या स्नायूवर तीन-चार जागा, कानशिलावर दोन-तीन. सगळं मिळून दहा मिनिटं. काहींना तिथे झोप लागते, एक आजोबा तर घोरले. आतल्या बाजूला एक स्नायू असतो जो जबडा पुढे ओढतो, बऱ्याचदा खरा चोर तोच, पण तो इतका आत आहे की बाहेरून प्रकाश फारसा पोचत नाही, म्हणून काही जण तोंडातून शेवटच्या वरच्या दाढेच्या मागे प्रोब नेतात.

किती सिटिंग?

साधारण आठवड्याला दोन किंवा तीन, तीन-चार आठवडे. सहाव्या सिटिंगपर्यंत काहीच फरक नाही तर मी थांबवते. बाराच्या पुढे पॅकेज विकणारे भेटले तर सावध.

आता स्पष्ट सांगा, गुण येतो का?

स्पष्ट सांगते, पण उत्तर लांब आहे.

काही अभ्यासांत लेझरवाल्यांचं दुखणं खोट्या लेझरवाल्यांपेक्षा कमी झालेलं दिसतं, तोंडही थोडं जास्त उघडतं. काही अभ्यासांत दोघांचं सारखंच कमी होतं. खोटं लेझर म्हणजे तोच प्रोब, तोच बीप, तोच गॉगल, फक्त किरण बंद. प्रत्येकाने वेगळा रंग वापरला, वेगळा डोस, वेगळे पेशंट, त्यामुळे सगळ्यांची बेरीज करायला गेलं की आंबा अधिक फणस होतं. फायदा दिसतो तोही बहुतेक सुरुवातीच्या काही आठवड्यांचा.

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तीन महिन्यांच्या वर चाललेल्या जबड्याच्या दुखण्यावर गाइडलाइन आली. त्यात लेझर "सहसा वापरू नका"च्या यादीत आहे. घातक आहे म्हणून नाही, तर फायद्याचा पुरावा कच्चा आणि पैसे-वेळ जातो म्हणून, शिफारसही सौम्य शब्दातली आहे, म्हणजे ठाम बंदी नाही. आणि आम्हा डेंटिस्टांना झोंबेल अशी गोष्ट, आमचं लाडकं नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कव्हर, तेही त्याच यादीत आहे! मग ठामपणे "करा" कशाला म्हटलंय? जबड्याचे व्यायाम कुणाच्या तरी देखरेखीखाली, थेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करणं, दुखऱ्या गाठी हाताने दाबून सोडवणं, मानेचं-पाठीचं बसणं सुधारणं, काउन्सेलिंगने दुखण्याकडे आणि टेन्शनकडे बघायची सवय बदलणं, आणि घरचे व्यायाम नि नीट समजावून सांगणं. यातलं एकही मशीन नाही. म्हणून यांची जाहिरातही कुठे दिसत नाही.

हे वाचून लेझर भंपक आहे असं म्हणाल तर तेही बरोबर नाही. कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये आणि केमोत पेशंटला जे भयंकर तोंड येतं, पाणी गिळवत नाही इतकं, ते टाळायला याच प्रकाशाची आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये शिफारस आहे. तिथे पुरावा चांगला आहे. जबड्याच्या बाबतीत तितका नाही, एवढंच.

मग मी का वापरते? ज्याला व्यायाम करायचाय पण दुखण्यामुळे तोंड हलवताच येत नाही, गोळ्या चालत नाहीत, किडनीचा किंवा ॲसिडिटीचा त्रास आहे, अशाला पहिले दोन आठवडे लेझरने थोडी उसंत मिळते आणि त्या उसंतीत व्यायाम सुरू होतो. लेझर म्हणजे गाडीला दिलेला धक्का. इंजिन सुरू झालं नाही तर किती वेळ ढकलणार.

मला तर दुसऱ्या सिटिंगलाच बरं वाटलं, मग ते लेझरनेच ना?

असेल. पण हे दुखणं मुळात वर-खाली होणारं आहे, माणूस सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा डॉक्टरकडे येतो, त्यानंतर नुसतं बसून राहिला तरी थोडं उतरतं. शिवाय कुणीतरी दहा मिनिटं शांतपणे आपल्या दुखऱ्या जागेकडे लक्ष देतंय याने आवळलेला जबडा सुटतो, तोही खराच फायदा आहे. बरं वाटलं ना, छान, आता व्यायाम सोडू नका.

कटकट आवाज जाईल का लेझरने?

नाही जाणार. सरकलेली चकती प्रकाशाने जागेवर जात नाही. आणि आवाज आहे पण दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अडकत नाही, तर कसलीच ट्रीटमेंट नको. असंख्य लोकांचा जबडा वाजतो आणि ते मजेत चिक्की खातात.

रेडिएशनने कॅन्सर तर नाही होणार?

एक्सरेसारखं हे रेडिएशन नाही, हा लाल प्रकाश आणि त्याच्या शेजारचा अदृश्य प्रकाश, डीएनए तोडायची ताकद त्यात नसते. गंमत म्हणजे हा सगळा प्रकारच याच शंकेतून निघाला. पहिलं लेझर १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी रुबीवर चालवलं, आणि १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून त्यांच्यावर रुबी लेझर मारून बघितलं. कॅन्सर झाला नाही, उलट लेझर मारलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. कमी ताकदीच्या लेझरचं दुकान तिथून सुरू झालं.

पण आधीच कॅन्सरची गाठ आहे किंवा संशय आहे त्या जागेवर मी लेझर मारत नाही.

अजून कुणी घेऊ नये?

डोळ्यावर कधीच नाही. गळ्यावर थायरॉइडच्या जागी मी टाळते. उन्हाची ॲलर्जी वाढवणारी औषधं चालू असतील तर यादी घेऊन या. फिट येत असेल तर सांगा, काही मशीनचा लाइट फडफडतो. प्रेग्नन्सीत पोटावर नको, जबडा पोटापासून लांब आहे पण तरी मी गायनॅकच्या मॅडमना विचारल्याशिवाय करत नाही, नऊ महिने थांबलं तर जबडा कुठे पळून जात नाही. पेसमेकर असेल तर हा प्रकाशच असल्यामुळे अडचण येत नाही, करंटवाल्या टेन्स मशीनचं मात्र विचारून घ्यायला लागतं, दोन्हींची गल्लत करू नका.

माझा रंग सावळा आहे, दाढी पण आहे, फरक पडतो का?

पडतो आणि हे आपल्याकडे फार कमी जण सांगतात. त्वचेतला रंग म्हणजे मेलॅनिन प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे सावळ्या त्वचेत वरच्या वरच जास्त अडतो आणि तिथे गरम लागू शकतं, लाल प्रकाशात जास्त, न दिसणाऱ्या प्रकाशात कमी. कमी ताकदीच्या मशीनला काही विशेष होत नाही, मोठ्या मशीनला चटका बसू शकतो. काळी दाढीही तसंच करते. दाढी काढा असं मी कुणाला म्हणत नाही, एकाने विचारलं होतं लग्न आठवड्यावर असताना, त्याला म्हटलं आधी लग्न करून ये. गरम लागलं की लगेच हात वर करायचा, सहन करायचं नाही, सहन केल्याने गुण येतो हे लेझरला लागू नाही.

मोठं हाय पॉवर मशीन जास्त चांगलं का?

लेझरच्या धोक्यानुसार वर्ग पाडलेत, त्यात ५०० मिलिवॅटच्या आतली ही मशीन्स क्लास थ्री-बी, त्याच्या वरची क्लास फोर. १० वॅटचं मशीन मघाच्या गणितातले ४ ज्यूल अर्ध्या सेकंदाच्या आत टाकतं, म्हणजे प्रोब एका जागी धरून चालतच नाही, सतत फिरवत ठेवावा लागतो. पाठ, गुडघा अशा मोठ्या जागेला त्याचा वेळ वाचतो. जबड्याचा सांधा त्वचेच्या जवळच आहे आणि बाजूला डोळा आहे, इथे मला छोटंच बरं वाटतं.

ऑनलाइन एलईडी मास्क, लाल लाइटचे पट्टे मिळतात, घेऊ का?

घ्यायचंच असेल तर कमीत कमी त्यावर नॅनोमीटर आणि ताकद लिहिलेली बघा. "सात रंगांत सात फायदे" लिहिलेलं असलं की तो दिवाळीचा कंदील समजा. चेहऱ्याचे मास्क गालाच्या वरच्या त्वचेसाठी बनवलेले असतात आणि कानापुढची जागा बहुतेक वेळा त्यातून सुटते. मांजराला खेळवायचा लेझर पॉइंटर जबड्याला लावणारा एक इंजिनिअर मला भेटलाय, तसलं करू नका, आरशातून उडून डोळ्यात जातो.

मग घरी काय करू?

हे नीट वाचा, फुकट आहे.

जेवताना सोडून वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसायला हवेत. आत्ता वाचताना टेकलेत का बघा! जीभ कुठे ठेवायची, तर "न" म्हणताना जिथे टेकते तिथे, "ण"च्या जागी नाही, "न"च्या. तिथे जीभ, दात सुटे, ओठ हलके मिटलेले. मोबाइलच्या वॉलपेपरवर नुसतं एक "न" लिहून ठेवायचं, दिसलं की जबडा सोडायचा. माझ्या एका पेशंटने ऑफिसच्या मॉनिटरवर चिकटवलं, आता त्याच्या अख्ख्या टीमला वाटतं नोटीस पिरियडचा न आहे.

जीभ तिथेच टेकवून ठेवून तोंड जेवढं उघडेल तेवढं सावकाश उघडायचं आणि मिटायचं, आरशासमोर, जबडा एका बाजूला पळतोय का बघत. पाच-सहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. गालाला कोमट शेक दहा-पंधरा मिनिटं, नुकताच मार किंवा ताजी कळ असेल तर बर्फ कपड्यात गुंडाळून.

दोन आठवडे मऊ खा. खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, भडंगाला सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे जबड्याचे पेशंट वाढतात असं मला दरवर्षी वाटतं, ऊस सोलून खायचा सीझन, पण मोजलेलं नाही. च्युइंगमने जबड्याचा व्यायाम होतो हा गैरसमज डोक्यातून काढा. फोन मान आणि खांद्यात धरून बोलणं बंद, पोटावर झोपणं बंद.

खर्च? मेडिक्लेममध्ये बसतं का?

साध्या मेडिक्लेमला ॲडमिट व्हावं लागतं, हे ओपीडीचं काम, त्यामुळे बहुतेक नाही. पैसे सिटिंगवर द्या, पॅकेजवर नको.

दाखवायचं कुणाला?

ओरल मेडिसिनवाले, ओरल सर्जन, किंवा जबड्याचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट. मोठ्या शहरात सरकारी पर्याय चांगले आहेत, मुंबईत सरकारी डेंटल कॉलेज आणि नायरचं डेंटल कॉलेज, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज, रांग असते पण तपासतात नीट. पहिल्याच भेटीत कुणी दात घासून चावा बदलायचं किंवा चांगल्या दातांना कॅप बसवायचं म्हणाला तर दुसरीकडे दाखवून या, घासलेला दात परत येत नाही.

सिटिंगला येताना काही तयारी?

जेवून या. चेहऱ्यावर क्रीम, पावडर नको, साध्या पाण्याने धुवून या. चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. आणि कानातलं घरीच काढून ठेवा, धातूवरून किरण उडतो म्हणून आम्ही काढायला लावतो आणि मग ते खुर्चीच्या हातावर राहून जातं, माझ्या ड्रॉवरमध्ये या घडीला तीन एकेकटे झुमके आणि एक कुडी पडून आहे, कुणाची असेल तर फोन करा.